कर्ज हाताबाहेर गेले तर काय करायचे: नागपुरातून तडजोड, नादारीचा अर्ज आणि सुटका

एका क्रेडिट कार्डाचे पैसे दुसऱ्या कार्डाने भरायचे, पतसंस्थेचा हप्ता चुकू नये म्हणून सावकाराचे दार गाठायचे आणि सावकाराचे व्याज द्यायला मोबाईल ॲपवरून कर्ज उचलायचे. हे चक्र सुरू झाले की उत्पन्नातून कर्ज फिटण्याची वेळ निघून गेलेली असते. ते मान्य करायला माणूस आणखी वर्ष-दोन वर्षे घेतो आणि खरे नुकसान त्याच काळात होते. घर बायकोच्या नावे केले जाते, मेहुण्याचे पैसे आधी परत केले जातात, कोऱ्या चेकवर सह्या होतात. पुढे कोर्टात याच गोष्टी आडव्या येतात. म्हणून नादारीचा अर्ज, म्हणजे देणी फेडायला असमर्थ आहे असे ठरवून घेण्यासाठी कोर्टात द्यायचा अर्ज, कसा करायचा याच्याइतकीच जागा इथे अर्जाआधी काय करू नये याला दिली आहे.

नागपूरकराला कोणता कायदा लागू होतो

२०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता पेपरात सारखी वाचायला मिळते, त्यामुळे आपणही त्याच कायद्याखाली अर्ज करायचा असे बऱ्याच जणांना वाटते. या संहितेचा तिसरा भाग व्यक्ती आणि भागीदारी संस्थांसाठी लिहिलेला आहे खरा, पण तो १ डिसेंबर २०१९ पासून एकाच गटासाठी अमलात आला: कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेले लोक. हिंगणा किंवा बुटीबोरी एमआयडीसीतल्या एखाद्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या संचालकाने बँकेला स्वतःची हमी लिहून दिली असेल, तर त्याचे प्रकरण मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणापुढे चालते. तिथे अर्ज दाखल होताच वसुलीला अंतरिम स्थगिती मिळते, तज्ज्ञ नेमला जातो, परतफेडीचा आराखडा तयार होतो आणि रकमेच्या हिशेबाने तीन चतुर्थांश धनकोंनी (ज्यांचे पैसे येणे आहेत त्यांनी) मान्य केला तरच तो पुढे जातो. कंपनी नसून एकट्याच्या मालकीचे दुकान असेल, तर हा मार्ग तुमचा नाही.

याच संहितेत अगदी लहान कर्जदारांसाठी ‘नव्या सुरुवाती’ची तरतूद आहे: वर्षाचे उत्पन्न ६० हजारांपर्यंत, कर्ज ३५ हजारांपर्यंत. ती तरतूद लागूच झालेली नाही. तिच्या नावाने कर्जमाफीचा फॉर्म भरून देतो म्हणून कोणी पैसे मागत असेल, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

नोकरदार, दुकानदार, ऑटोचालक, डॉक्टर, भागीदारीतला भागीदार, या सगळ्यांना नागपुरात आजही १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू आहे. मुंबईसाठी १९०९ चा वेगळा कायदा आहे, त्यामुळे मुंबईच्या ओळखीतल्या वकिलाने दिलेला नमुना जसाच्या तसा इथे चालत नाही. १९२० च्या कायद्याने अधिकार जिल्हा न्यायालयाला दिला आहे. तो खालच्या कोर्टालाही देण्याची मुभा राज्य सरकारला आहे, म्हणून अर्ज कोणत्या कोर्टापुढे लागेल ते वकिलाने सिव्हिल लाईन्समधल्या जिल्हा न्यायालयात दाखल करण्याआधीच विचारून घ्यावे. तुम्ही नेहमी राहता, धंदा करता किंवा काम करता त्या ठिकाणचे कोर्ट लागते. काटोल, उमरेड, रामटेकच्या माणसालाही जिल्हा नागपूरच.

आधी कर्जाचे ढीग वेगळे करा

एकूण आकडा पाहून माणूस खचतो. पण कर्ज हे एकजिनसी नसते. प्रत्येक प्रकाराला कायदा वेगळा, मुदत वेगळी आणि धोकाही वेगळा. समजा, गांधीबागेत एकाचे कापडाचे छोटे दुकान आहे. सक्करदऱ्यातला फ्लॅट गहाण ठेवून घेतलेले घरकर्ज १४ लाख शिल्लक. दुकानातल्या मालावर कॅश क्रेडिट ६ लाख. पतसंस्थेचे साडेतीन लाख, त्याला दोन जामीनदार. दोन क्रेडिट कार्डे मिळून २ लाख ८० हजार. ॲपचे ७० हजार. सुरत आणि इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांची उधारी ४ लाख, त्यातल्या एकाकडे पुढच्या तारखेचा चेक. आणि सावकाराचे २ लाख, शेकडा पाचने. बेरीज ३३ लाख.

घरकर्ज हे तारण कर्ज. नादारीचा अर्ज केला तरी गहाण ठेवलेल्या घरावरचा बँकेचा हक्क जात नाही. ९० दिवस हप्ता थकला की खाते एनपीएमध्ये (थकीत खात्यांत) जाते, मग सरफेसी कायद्याची, म्हणजे बँकेला दावा न लावता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याची, ६० दिवसांची नोटीस येते. या नोटिशीला लेखी हरकत घेता येते आणि तिला १५ दिवसांत उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. बँकेने ताब्याचे पाऊल उचलले, की त्याविरुद्ध नागपूरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांत दाद मागायची. लोक नोटीस कपाटात ठेवून देतात आणि तहसीलदार पोलिसांसह दारात आले की वकील शोधायला निघतात. तोवर ४५ दिवस उलटून गेलेले असतात. शेतजमिनीला सरफेसी लागू होत नाही.

पतसंस्था सहसा दिवाणी दावा लावत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवते आणि विशेष वसुली अधिकाऱ्यामार्फत जप्ती करते. दाखला निघाल्यावर त्याविरुद्ध फेरतपासणी अर्ज करायचा तर दाखल्याच्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. म्हणून उपनिबंधकाकडून कलम १०१ ची पहिली नोटीस आली तेव्हाच हजर राहून हिशेबाचा उतारा मागा आणि चुकीचे व्याज तिथेच लेखी दाखवा. नंतर सांगणे फार महाग पडते.

क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, व्यापाऱ्याची उधारी ही विनातारण देणी. इथे धनकोला दावा लावून डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा, मिळवावी लागते. दाव्याची मुदत सहसा तीन वर्षे. मात्र त्या तीन वर्षांत तुम्ही देणे मान्य असल्याच्या कागदावर सही केली किंवा थोडी रक्कम भरून तशी लेखी नोंद झाली, तर मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजली जाते. ‘नुसती पोच आहे, सही करा’ म्हणून पुढे केलेला कागद वाचल्याशिवाय सही करू नका. डिक्री झाली की ती १२ वर्षे बजावता येते.

चेक हा सगळ्यात ज्वलनशील कागद. चेक परत आला की धनको ३० दिवसांत नोटीस देतो आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर कलम १३८ चा फौजदारी खटला उभा राहतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. बँकेच्या ऑटो डेबिटचा हप्ता परत गेल्यावरही दुसऱ्या कायद्याखाली असाच खटला होऊ शकतो. नादारीच्या अर्जाने हा खटला आपोआप थांबत नाही. म्हणून तडजोडीत चेकवाल्याकडे आधी लक्ष द्यावे लागते, पण कसे द्यायचे त्यातही एक मेख आहे; ती पुढे येईल.

सावकार. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाखाली ठरलेले दर असे आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, इतरांना तारणावर १५, विनातारण १८. शेकडा पाच महिन्याला म्हणजे वर्षाला ६० टक्के. त्याशिवाय व्याजाची एकूण वसुली मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही, चक्रवाढ लावता येत नाही. परवाना नसताना सावकारी करणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात द्यायची. तक्रारीत तारीख, दिलेली रक्कम, पैसे कसे दिले, कोणते कागद किंवा कोरे चेक सावकाराकडे पडले आहेत त्यांचे क्रमांक लिहा. सावकारीच्या व्यवहारात जमीन किंवा घर लिहून घेतले असेल, तर ते परत मिळवण्याचीही तरतूद याच कायद्यात आहे. भिशीची थकबाकी, नातेवाइकाने एकदाच दिलेले हातउसने यांना ही तक्रार लावू नका. खोटी तक्रार तुमच्याच अंगावर येईल.

वसुलीचा त्रास कसा थांबवायचा

कर्ज थकवणे हा गुन्हा नाही. वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असे रिझर्व्ह बँकेने सांगितलेले आहे. एजंट दारात आला तर ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र मागा, दोन्हींचे फोटो काढा, पैसे हातात देऊ नका. शेजाऱ्याला, ऑफिसातल्या साहेबाला फोन गेले तर तारीख, वेळ, नंबर एका वहीत लिहीत जा. पहिली तक्रार बँकेच्याच तक्रार कक्षाकडे, ईमेलने. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर. मदतीचा नंबर १४४४८. बँकेत न विचारता थेट लोकपालाकडे गेलेली तक्रार परत पाठवली जाते. ॲपवाल्यांनी फोटो बिघडवून पाठवण्याची धमकी दिली तर तो सायबर गुन्हा आहे: १९३० वर फोन करा.

अर्जाआधी तडजोड का करून पाहावी

नादारी हा शेवटचा दरवाजा आहे. त्यात वेळ जातो, मालमत्ता रिसीव्हरच्या, म्हणजे ती सांभाळायला कोर्टाने नेमलेल्या माणसाच्या, हाती जाते, नाव राजपत्रात छापून येते. विकण्यासारखे काही हाती आहे तोवर तडजोड बहुतेकदा जास्त पदरात पाडते. वरचेच उदाहरण घेऊ.

फ्लॅटची बाजारातली किंमत २३ लाख धरू. बँकेशी बोलून मालकाने स्वतः ग्राहक आणला, तर घरकर्जाचे १४ लाख जाऊन ९ उरतात, दलाली-कागदपत्रांचा लाखभर खर्च वजा करून ८. दुकानातला माल ३ लाखांत निघाला तर कॅश क्रेडिटचे ३ लाख विनातारण उरतात. त्यात पतसंस्था, कार्डे, ॲप, उधारी आणि सावकाराचे मुद्दल धरले की विनातारण देणे १६ लाख. म्हणजे रुपयाला पन्नास पैसे देता येतात. तोच फ्लॅट लिलावात ३ लाखांनी कमी गेला, तर हातात ५ लाख, रुपयाला एकतीस पैसे. पन्नास पैशांचा हा आकडा लक्षात ठेवा, सुटकेच्या वेळी, म्हणजे उरलेल्या देण्यातून मोकळे करताना, कोर्ट नेमका तोच पाहणार आहे.

एक सावधगिरी: सरफेसीची ६० दिवसांची नोटीस आल्यानंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय गहाण मालमत्ता विकता येत नाही. त्यामुळे ग्राहक शोधायचा तो नोटीस येण्याआधी, नाहीतर बँकेला आधी पत्र देऊन. प्लॉट नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासाच्या) भाडेपट्ट्यावर असेल तर हस्तांतराच्या परवानगीला लागणारा वेळही धरून चाला. ग्राहक मिळूनही व्यवहार याच परवानगीपायी अडतात.

विनातारण बँककर्जाची तडजोड करताना क्रम असा ठेवा. आधी बँकेला लेखी द्या: उत्पन्न किती, घरखर्च किती, एकरकमी किती देऊ शकतो आणि ती रक्कम कुठून येणार. सोबत सहा महिन्यांचा खातेउतारा, नोकरी गेली असेल तर ते पत्र, आजारपण असेल तर दवाखान्याची बिले. एजंटाच्या फोनवरच्या ‘साठ टक्क्यांत मिटवून टाकू’ला काडीची किंमत नाही. बँकेच्या लेटरहेडवर तडजोडपत्र हवे आणि त्यात कर्ज खाते क्रमांक, एकूण रक्कम, भरण्याच्या तारखा, आणि ती भरल्यावर बाकी काही मागणी नाही हे वाक्य स्पष्ट हवे. पैसे कर्ज खात्यातच भरा. हप्त्यांत ठरले असेल आणि एक हप्ता चुकला, तर बहुतेक पत्रांप्रमाणे तडजोड रद्द होऊन पूर्ण रक्कम उभी राहते. त्यामुळे हाती नसलेल्या पैशाच्या भरवशावर हप्ते कबूल करू नका. सगळे फिटल्यावर बेबाकी दाखला घ्या. तारणाचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाईचा नियम आहे.

तडजोड केलेल्या खात्यापुढे सिबिलमध्ये ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि तो वर्षानुवर्षे दिसत राहतो. त्या बँकेकडून निदान १२ महिने नवे कर्ज मिळत नाही. बँकेने कर्ज ‘राइट ऑफ’ केले म्हणजे माफ केले, असे समजू नका. ती बँकेच्या वहीतली नोंद असते, वसुली सुरूच राहते.

जिल्हा न्यायालयात भरणाऱ्या लोकअदालतीत बँका दावा लागण्याआधीची प्रकरणेही आणतात. तिथला निवाडा डिक्रीसारखाच असतो आणि त्यावर अपील नाही. गर्दीत, घाईत, ‘आज सही करा नाहीतर संधी गेली’ अशा दडपणाखाली आकडा मान्य करू नका.

अर्जाची तयारी

कर्जदाराला स्वतः अर्ज करायचा तर देणे ५०० रुपयांहून कमी नसावे (कायदा जुना, आकडाही तेव्हाचा), किंवा पैशाच्या डिक्रीत त्याला अटक झालेली असावी, किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश चालू असावा. त्याबरोबर कर्ज फेडायला असमर्थ आहे हे दाखवता आले पाहिजे. फेडणे जड जाते एवढ्याने भागत नाही: सगळे विकले तरी आणि मिळकतीतूनही देणी भागत नाहीत, हे आकड्यांनी दिसले पाहिजे.

अर्ज दिवाणी दाव्याप्रमाणे सत्यापन करून द्यायचा. त्यात असमर्थतेचे स्पष्ट विधान, राहण्याचे ठिकाण, अटक किंवा जप्तीचा आदेश असेल तर कोर्ट आणि प्रकरण क्रमांक, प्रत्येक धनकोचे नाव-पत्ता-रक्कम, सगळ्या मालमत्तेची किंमत आणि ठिकाण, ती कोर्टाच्या स्वाधीन करण्याची तयारी, आणि पूर्वी कधी असा अर्ज केला होता का, हे सगळे आले पाहिजे.

धनकोंची यादी बनवायला बसाल तेव्हा आधी सिबिलचा अहवाल काढा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनी वर्षातून एक पूर्ण अहवाल फुकट देते. त्यात विसरलेले कार्डही सापडते आणि तुमच्या नावावर दुसऱ्याने काढलेले कर्जही. अहवालात नसलेली देणी वेगळी लिहा: किराणा, डॉक्टर, शाळेची फी, भिशी, हातउसने, घरभाडे, वीजबिल. यादीत न आलेल्या धनकोला नोटीस जात नाही, आणि नंतर तोच उठून ‘मला मुद्दाम लपवले’ म्हणून सुटकेला हरकत घेतो.

मालमत्तेच्या यादीत फ्लॅटची इंडेक्स टू, आखीव पत्रिका किंवा सातबारा, गाडीचे आरसी बुक, सगळ्या बँकांची खाती, एलआयसी, पीएफ, सोने, येणे असलेली उधारी हे सगळे टाका. कोर्टाला जे घेता येत नाही तेही दाखवा आणि समोर तसे लिहा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची अवजारे, शेतकऱ्याची औते-बैल-बियाणे, पीएफ, आयुर्विम्याची रक्कम, सरकारी पेन्शन यांना जप्तीतून सूट आहे. स्त्रीचे धार्मिक रूढीप्रमाणे अंगावरून उतरवता न येणारे दागिनेही त्यात येतात. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. म्हणजे जप्तीस पात्र पगार ३१,००० असेल तर १,००० अधिक २०,००० असे २१,००० हात न लावता राहतात, १०,००० पर्यंत जप्त होऊ शकतात.

ज्या बँकेत कर्ज थकले आहे तिथेच पगार जमा होत असेल, तर बँक ती रक्कम कर्जाकडे वळवू शकते. दुसऱ्या बँकेत पगाराचे खाते उघडणे बेकायदा नाही. अर्जात मात्र दोन्ही खाती दिसली पाहिजेत.

हिशेबाच्या वह्या हा दुकानदारांचा सगळ्यात कच्चा दुवा. मागच्या तीन वर्षांच्या वह्या नसतील तर पूर्ण सुटका नाकारायला तेच एक कारण पुरते. जीएसटी रिटर्न, बँक उतारे, बिलबुके, यूपीआयच्या नोंदी यांवरून आजच वही उभी करा आणि ती नंतर तयार केली आहे हे लिहून ठेवा. जुन्या तारखा घालून केलेली वही उलटतपासणीत टिकत नाही.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांना महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा. फोन १५१००.

कशामुळे प्रकरण बिघडते

*घर किंवा प्लॉट घरच्यांच्या नावे करणे.* अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेले बक्षीसपत्र रिसीव्हर रद्द करून घेऊ शकतो. घर तर वाचत नाहीच, वर लबाडीचा शिक्का बसतो.

*एकाला झुकते माप देणे.* अर्जाआधीच्या तीन महिन्यांत इतरांना डावलून एका धनकोला मुद्दाम पैसे दिले तर तो व्यवहारही रद्द होऊ शकतो. वर म्हटलेली मेख ती हीच: चेकवाल्याला किंवा मेहुण्याला घाईघाईने सगळी रक्कम देऊन लगेच अर्ज केला, तर ते पैसे परत मागवले जातात. चेकवाल्याशी तडजोड अर्जाचा विचार पक्का होण्याच्या खूप आधी करायला हवी, किंवा खटल्यात कोर्टापुढे समेट करून.

*फिटणार नाही हे माहीत असताना नवे कर्ज.* अर्जाच्या आदल्या महिन्यात कार्डावर घेतलेला फोन, ॲपवरून उचललेले ५० हजार: फेडण्याची शक्यता नसताना केलेले देणे, जुगार, सट्टा, उधळपट्टी ही सुटका अडवणारी कारणे कायद्यात नावानिशी दिलेली आहेत. शेअर बाजारातल्या ऑप्शन्समध्ये पैसे बुडाले असतील तर तेही लपवू नका. बँक उताऱ्यात ते दिसणारच आहे. पगारातून किती, कर्जातून किती, केव्हापासून बंद केले, हे तक्त्यात मांडा.

मालमत्ता लपवणे, खोटी वही देणे हा गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे.

कोर्टात काय घडते

अर्ज दाखल करून घेतला की सुनावणीची तारीख पडते आणि धनकोंना नोटिसा जातात. पत्ते चुकले तर तारखांवर तारखा पडतात. बँकेच्या बाबतीत शाखा आणि नोंदणीकृत कार्यालय दोन्ही पत्ते द्या. कोर्ट या टप्प्यावरच अंतरिम रिसीव्हर नेमू शकते. अर्ज दाखल करून घेतल्याच्या आदेशाची प्रमाणित नक्कल काढून जिथे जिथे दरखास्त (डिक्रीच्या वसुलीचे प्रकरण) चालू आहे तिथे तिथे लगेच दाखल करा. एका कोर्टातले दुसऱ्या कोर्टाला आपोआप कळत नाही, आणि तेवढ्यात लिलाव उरकला तर त्यातले पैसे त्या एकाच धनकोच्या हाती पडण्याचा धोका असतो. अर्ज कोर्टाच्या परवानगीशिवाय मागे घेता येत नाही, हेही आधी माहीत असू द्या.

डिक्रीच्या वसुलीत अटकेची भीती घातली जाते. नुसत्या गरिबीसाठी कोणाला दिवाणी तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितले आहे. पैसे असून न देणारा हा वेगळा. पैशाच्या डिक्रीत स्त्रीला अटक होत नाही. अटक झालीच तर कोर्टाला सांगा की नादारीचा अर्ज करायचा आहे: एक महिन्यात अर्ज करण्याची हमी घेऊन कोर्ट सोडू शकते.

सुनावणीत प्रथमदर्शनी असमर्थता दिसली तर कोर्ट नादार ठरवण्याचा आदेश देते आणि तो राजपत्रात प्रसिद्ध होतो. त्या क्षणापासून सूट असलेल्या वस्तू सोडून सगळी मालमत्ता कोर्टाकडे किंवा रिसीव्हरकडे जाते. विनातारण धनकोंना कोर्टाच्या परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही. अटकेपासून संरक्षण आपोआप मिळत नाही, त्यासाठी १९२० च्या कायद्याच्या कलम ३१ चा वेगळा अर्ज लागतो आणि तो बरेच जण विसरतात. सुटका होईपर्यंत जे नवे हाती येईल, वारसाहक्काचा हिस्सासुद्धा, तेही रिसीव्हरकडे जाते. या काळात नादार असल्याचे न सांगता ५० रुपयांचीही उधारी केली तर शिक्षा आहे. निवडणूक लढवता येत नाही, कंपनीचा संचालक राहता येत नाही.

नादार ठरल्यावरही धनकोंपुढे कमी रकमेचा प्रस्ताव ठेवता येतो. धनकोंच्या बहुमताने आणि कोर्टाच्या मान्यतेने तो मंजूर झाला तर नादारीचा आदेश रद्द होतो. गावाकडचा भाऊ काही रक्कम घालायला तयार असेल, तर ती याच प्रस्तावात घालावी.

सुटका

नादार ठरवतानाच कोर्ट एक मुदत देते, तिच्या आत सुटकेचा अर्ज करावा लागतो. सगळ्यात जास्त प्रकरणे वाया जातात ती इथे. फोन थांबले, जप्ती टळली, म्हणून माणूस निवांत होतो, वकिलाकडे जाणे थांबते, मुदत संपते आणि कोर्ट नादारीचा आदेशच रद्द करते. मग सगळे धनको पुन्हा मोकळे, आणि पुन्हा अर्ज करायचा तर कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. मुदतीची तारीख आदेश हातात पडल्या दिवशीच घरच्या दोघांच्या मोबाईलमध्ये घाला. मुदत अपुरी पडणार असेल तर ती संपण्याआधी वाढवून मागा.

सुटकेच्या सुनावणीत तो पन्नास पैशांचा आकडा येतो. विनातारण देण्याच्या निम्म्याइतकीही मालमत्ता नसेल तर पूर्ण सुटका मिळत नाही, मात्र ती तूट तुमच्या दोषाने झालेली नाही हे दाखवता आले तर ही अडचण दूर होते. आजारपण, कारखाना बंद पडणे, मुख्य गिऱ्हाईक बुडणे, आग: जे खरे असेल त्याचा कागद लावा. पूर्ण सुटका नाही मिळाली तरी कोर्ट ती काही काळ लांबवू शकते किंवा पुढच्या कमाईतून काही रक्कम भरण्याची अट घालू शकते.

सुटका झाली तरी चार गोष्टी उरतात: सरकारी देणे, फसवणुकीने केलेले देणे, फसवणुकीने टाळलेले देणे आणि बायको-मुलांची पोटगी. आणि जामीनदार सुटत नाही. पतसंस्थेच्या साडेतीन लाखांसाठी ज्या दोन सहकाऱ्यांनी सह्या केल्या, त्यांच्या पगारावर जप्ती येऊ शकते, तुमची सुटका झाल्यानंतरही. त्यामुळे अर्ज करण्याआधी त्या दोघांना घरी बोलावून सगळे कागद दाखवा, जमले तर तिघांनी मिळून पतसंस्थेशी वेगळी तडजोड करा. त्यांना नोटीस पोस्टमनकडून कळू देऊ नका.

सुटकेच्या आदेशाच्या पाच-सहा प्रमाणित नकला काढा. एक-एक ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही कंपन्यांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्यांच्या पोर्टलवरही तक्रार नोंदवा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते. उरलेल्या नकला जपून ठेवा. कर्ज विकत घेतलेल्या एखाद्या कंपनीचा वसुलीचा फोन पुढे कधी आला, तर त्यांना पाठवायला त्यातलीच एक लागते.